फाईल दोघांची हवी

मूल होत नाही म्हणून दवाखान्याच्या पायऱ्या झिजवणाऱ्या कुठल्याही जोडप्याची फाईल उघडून बघा. चांगली बोटभर जाड असते. त्यात तिच्या सोनोग्राफ्या, तिच्या रक्ताच्या तपासण्या, तिच्या नळ्या उघड्या आहेत की बंद याचा एक्स-रे, तिची दुर्बिणीतून केलेली तपासणी, तिच्या गोळ्या, तिची इंजेक्शनं. आणि त्याचं काय? त्याचा असलाच तर एक कागद असतो. पुष्कळदा तोही नसतो. "त्याला काय धाड भरलीय? चांगला धडधाकट आहे आमचा मुलगा," असं सासूबाईंनी म्हटलं की विषय तिथेच संपतो.

मैत्रिणींनो, गेली कित्येक वर्षं तालुक्याच्या गावात बचत गटांचं आणि महिला मंडळाचं काम करताना मी हेच बघत आलेय. बाईला मूल नसेल तर तिचं दुःख सगळ्या गावाचं होतं. कुणी उपास सांगतं, कुणी अंगारा देतं, कुणी ओटी भरताना तिला हळूच वगळतं. मात्र तिच्या नवऱ्याला "तुम्ही तपासून घेतलंत का हो?" असं विचारायची कुणाची छाती होत नाही. खरं तर जागतिक आरोग्य संघटनेच्या 2023 च्या अहवालाप्रमाणे जगात दर सहा माणसांमागे एकाला आयुष्यात कधी ना कधी वंध्यत्वाला तोंड द्यावं लागतं. आणि अशा जोडप्यांपैकी जवळजवळ निम्म्या जोडप्यांत पुरुषाकडचं कारण असतं, कधी एकट्या त्याचं, कधी दोघांचं मिळून. म्हणजे ही फाईल निम्मी तरी त्याची असायला हवी.

पण आज मला याच्या एक पाऊल पुढचं सांगायचंय. कारण हल्ली शिकलेल्या घरांमधून नवरे तपासणी करून घेतात. रिपोर्ट येतो, त्यावर "नॉर्मल" लिहिलेलं असतं, आणि मग तर बिचारीची सुटकाच नाही. "त्याचं सगळं चांगलं आहे, म्हणजे दोष हिचाच!"

आमच्या एका गटातल्या मुलीचं असंच झालं. पाच वर्षांत तीनदा दिवस गेले आणि तीनही वेळा सहाव्या-सातव्या आठवड्यात गर्भ पडला. तिच्या सगळ्या तपासण्या चांगल्या, नवऱ्याचा रिपोर्ट नॉर्मल. घरात दुसऱ्या लग्नाची कुजबुज सुरू झाली. शेवटी जिल्ह्याच्या ठिकाणच्या एका डॉक्टरांनी नवऱ्याची आणखी एक तपासणी सांगितली. शुक्रजंतूंच्या डीएनएची. त्यात नुकसान बरंच जास्त निघालं. नवरा बेकरीत भट्टीपुढे दहा-दहा तास उभा राहणारा, गालात सतत तंबाखू. डॉक्टरांनी हात लावून तपासलं तेव्हा वृषणाच्या शिरा फुगलेल्या सापडल्या. पाच वर्षांत त्याला असं कुणी तपासलंच नव्हतं!

ही डीएनएची भानगड आहे तरी काय, ते आपल्या भाषेत समजून घेऊ या.

नेहमीच्या वीर्यतपासणीत शुक्रजंतू किती आहेत, हलतात कसे आणि दिसतात कसे, एवढंच बघतात. आत वडिलांकडून बाळाला जाणारा जो वारसा असतो, तो डीएनए धड आहे की तुकडे झालेला, हे त्यात कळत नाही. शेतकरी घरातल्या बायकांना हे चटकन समजेल. सोयाबीनचं बी दिसायला कसं टपोरं, पिवळंधमक असतं. तरी पेरणीआधी शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवायचे, सत्तर तरी उगवतात का ते बघायचं, असं कृषी खातं दरवर्षी सांगतं. नुसतं रूप बघून कुणी बी पेरत नाही. आपल्याकडे बाईला शेताची उपमा द्यायची हौस फार. जमीन नापीक म्हणून तिला नावं ठेवायची, मग बियाण्याची उगवणक्षमता कुणी तपासायची?

शुक्रजंतूत हा डीएनए अगदी घट्ट गुंडाळून बांधलेला असतो. ही बांधणी वृषणात तयार होतानाच सैल राहिली तर तो तुटतो. दुसरं कारण म्हणजे डॉक्टर ज्याला ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस म्हणतात ते. कापलेलं सफरचंद हवेनं काळं पडतं, लोखंडाला गंज चढतो, तसाच हा प्रकार. शरीरातल्या इतर पेशी असं नुकसान थोडंफार दुरुस्त करून घेतात. शुक्रजंतूला ते जमत नाही. गंमत बघा, ही दुरुस्ती करते कोण? तर बाईचं बीज! गर्भ धरल्यावर ते वडिलांच्या डीएनएतली थोडी मोडतोड सांधून घेतं. म्हणजे तिथंही निस्तरायचं काम बाईकडेच. पण तिचं वय वाढतं तशी ही ताकद कमी होते, आणि मोडतोड फारच असेल तर तरुण बीजाचंही काही चालत नाही. मग दिवस राहत नाहीत, किंवा राहिले तरी टिकत नाहीत.

नुकसान कशानं होतं? तंबाखू, गुटखा, सिगारेट, फार दारू. गुटख्यावर महाराष्ट्रात 2012 पासून बंदी आहे, पण टपरीवर काय मिळतं ते तुम्हाला-मला माहीत आहेच. लठ्ठपणा, ताब्यात नसलेला मधुमेह, जंतुसंसर्ग, मोठा ताप. उष्णता हे तर फार मोठं कारण. वृषण शरीराबाहेर पिशवीत असतात ते उगीच नाही. त्यांना शरीरापेक्षा दोन ते चार अंश कमी तापमान लागतं. भट्टी, बॉयलर, वीटभट्टी यांच्यापुढे काम करणाऱ्यांनी हे लक्षात घ्यायला हवं. कीटकनाशकं अंगावर उडवून घेत फवारणी करणाऱ्यांनीही. शिवाय वय. पुरुषाला वयाचं बंधन नाही असं आपण समजतो, पण चाळिशीनंतर त्याच्याही शुक्रजंतूंमधली मोडतोड वाढत जाते.

आता तपासणीबद्दल. ही तपासणी सरसकट सगळ्यांनी करायची नाही, हे आधी सांगते. जागतिक आरोग्य संघटनेनं 2021 च्या वीर्यतपासणीच्या पुस्तिकेत तिला नेहमीच्या नव्हे, तर जास्तीच्या तपासण्यांमध्ये ठेवलंय. अमेरिकेतल्या तज्ज्ञांच्या 2020 च्या मार्गदर्शक सूचनाही सांगतात की पहिल्याच फेरीत ती करू नका. पण वारंवार गर्भपात होत असतील तर तिचा विचार जरूर करा, असं अमेरिकेतले आणि युरोपातले तज्ज्ञ दोघंही सांगतात. त्याशिवाय टेस्ट ट्यूबचे प्रयत्न सारखे फसत असतील, शिरा फुगलेल्या असतील, किंवा सगळं नॉर्मल असून काही वर्षं मूल नसेल, तर डॉक्टरांना या तपासणीबद्दल विचारावं. रिपोर्टात डीएफआय म्हणून टक्केवारी येते. एका जुन्या, प्रचलित पद्धतीत पंधराच्या आत चांगलं आणि तिसाच्या वर वाईट मानतात. प्रत्येक पद्धतीचे आकडे वेगळे असतात, म्हणून एका लॅबचा आकडा दुसऱ्या लॅबशी ताडून घाबरू नये. आणि आकडा जास्त आला म्हणजे मूल होणारच नाही, असंही नाही.

मग उपाय काय? इथंच माझा खरा मुद्दा येतो. उपाय आहेत. बरेच आहेत. पण ते कुठल्या क्रमानं करायचे, यावर सगळं अवलंबून आहे. स्वस्त आणि त्याच्या हातातले उपाय आधी, महाग आणि तिच्या शरीरावरचे नंतर, असा साधा क्रम असावा. प्रत्यक्षात मी बघते ते नेमकं उलट.

पहिला उपाय बिनपैशाचा. कारण काढून टाकणं. तंबाखू, गुटखा, सिगारेट बंद. दारू बंद. वजन आणि साखर आटोक्यात. भट्टीपुढच्या माणसानं शक्य असेल तर काम बदलून घ्यावं, निदान मधूनमधून थंड जागी जावं. मांडीवर लॅपटॉप ठेवायचा नाही, फार घट्ट आतले कपडे घालायचे नाहीत. रोज चालणं, भाज्या, फळं, शेंगदाणे, डाळी. दिल्लीच्या एम्समध्ये डॉ. रिमा दादा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी योग-ध्यानाच्या दिनक्रमानं शुक्रजंतूंच्या डीएनएचं नुकसान कमी होतं असं छोट्या अभ्यासांतून दाखवलंय. छोटे अभ्यास आहेत, पण योगानं खिशाला चाट तर बसत नाही!

याला वेळ मात्र द्यावा लागतो. नवा शुक्रजंतू तयार व्हायला साधारण 74 दिवस आणि बाहेर यायला आणखी दहा-बारा दिवस लागतात. म्हणजे एक पीक निघायला तीन महिने. आज तंबाखू सोडली आणि आठ दिवसांनी रिपोर्ट काढला, तर त्यात जुनंच पीक दिसणार. डेंग्यू, टायफॉईडसारखा ताप येऊन गेला असेल तर तपासणीही तीन महिन्यांनीच करावी.

दुसरी गोष्ट सांगायला संकोच वाटतो, पण सांगायलाच हवी. "साठवून ठेवलं की ताकद वाढते" हा समज अगदी चुकीचा आहे. मूल हवं म्हणून कित्येक जोडपी पंधरा-पंधरा दिवस लांब राहतात. शुक्रजंतू साठून राहिले की उलट त्यांचं नुकसान वाढतं. ज्यांच्यात डीएनएची मोडतोड जास्त आहे त्यांना डॉक्टर दिवसाआड जवळ या असं सांगतात. यालाही पैसे पडत नाहीत.

तिसरं, इलाज होण्यासारखा आजार असेल तर त्याचा इलाज. जंतुसंसर्ग असेल तर औषधं. शिरा फुगलेल्या असतील, म्हणजे व्हेरिकोसील असेल, तर ऑपरेशन. शंभर पुरुषांमागे सुमारे पंधरा जणांना ते असतं, आणि वंध्यत्वासाठी आलेल्या पुरुषांत शंभरातल्या पस्तीस-चाळीस जणांत सापडतं. सूक्ष्मदर्शकाखाली केलेल्या छोट्या शस्त्रक्रियेनं तीन ते सहा महिन्यांत डीएनएचं नुकसान कमी झाल्याचं बऱ्याच अभ्यासांत दिसलंय. पण शिरा हाताला लागण्याइतक्या फुगलेल्या असतील तरच ऑपरेशन करावं. नुसत्या सोनोग्राफीत दिसल्या म्हणून नको. आणि हे बघणारा डॉक्टर पुरुषांचा, म्हणजे युरॉलॉजिस्ट किंवा अ‍ॅण्ड्रॉलॉजिस्ट असावा. स्त्रीरोगतज्ज्ञाच्या दवाखान्यात पुरुषाला तपासायचा पलंग तरी असतो का, सांगा बरं!

चौथ्या उपायापाशी सावध राहायचं. त्या म्हणजे गोळ्या. अ‍ॅण्टिऑक्सिडंटच्या महागड्या पाकिटांचा हल्ली सुळसुळाट झालाय. अमेरिकेत 2,370 जोडप्यांवर झालेल्या एका मोठ्या अभ्यासाचा निकाल 2020 मध्ये आला. निम्म्या पुरुषांना सहा महिने फॉलिक अ‍ॅसिड आणि झिंक दिलं, निम्म्यांना नुसत्या दिखाऊ गोळ्या. मूल होण्याचं प्रमाण दोन्हीकडे जवळजवळ सारखंच, 34 आणि 35 टक्के. उलट खऱ्या गोळ्या घेणाऱ्यांत डीएनएची मोडतोड किंचित जास्तच निघाली! त्याच वर्षी दुसऱ्या एका अमेरिकन अभ्यासात अनेक जीवनसत्त्वांच्या मिश्रणाचाही उपयोग दिसला नाही. काहींना अशा गोळ्यांचा फायदा होत असेलही, पण तंबाखू तशीच चालू ठेवून वर महिन्याला हजारोंच्या गोळ्या खाणं म्हणजे फुटक्या माठात पाणी भरणं.

आणि जिमवाल्या मुलांच्या आयांनो, हे नीट ऐका. पिळदार शरीरासाठी किंवा "ताकदीसाठी" घेतलेलं टेस्टोस्टेरॉनचं इंजेक्शन शुक्रजंतू वाढवत नाही, उलट त्यांची निर्मिती पार बंद पाडू शकतं. मूल हवं असलेल्या पुरुषानं ते घेऊच नये. "हमखास पुत्रप्राप्ती"च्या पुड्या विकणाऱ्यांबद्दल तर मी वेगळं काय सांगू?

यानंतर येतात दवाखान्यातले मोठे उपाय. मुंबईच्या केईएममध्ये 1986 साली डॉ. इंदिरा हिंदुजांच्या हातून टेस्ट ट्यूब बाळ जन्मलं, तेव्हा वर्तमानपत्रांतून केवढं कौतुक झालं होतं. पुढे 1992 मध्ये ब्रुसेल्सच्या डॉक्टरांनी इक्सीनं पहिली बाळं जन्माला घातली. यात एकच शुक्रजंतू निवडून बारीक सुईनं थेट बीजात सोडतात. संख्या कमी असलेल्या पुरुषांसाठी हे वरदानच ठरलं. पण डीएनए मोडलेला असेल तर सुईनं आत सोडून तो सांधला जात नाही, हेही खरं. म्हणून चांगला शुक्रजंतू निवडायच्या निरनिराळ्या युक्त्या निघाल्या. त्यातल्या पिक्सी नावाच्या एका पद्धतीवर ब्रिटनमध्ये अडीच हजारांहून जास्त जोडप्यांवर अभ्यास झाला, 2019 मध्ये छापून आला. गर्भपात थोडे कमी झाले, पण घरी बाळ घेऊन जाणाऱ्यांची संख्या लक्षणीय वाढली नाही. बिलात अशी जास्तीची नावं दिसली तर "याचा आम्हाला नेमका काय उपयोग?" असं विचारायचा आपल्याला पूर्ण हक्क आहे.

आणखी एक मार्ग आहे. शुक्रजंतू वृषणातून बाहेर येताना वाटेत त्याचं बरंच नुकसान होतं. म्हणून सुईनं थेट वृषणातून शुक्रजंतू काढून इक्सी करतात. ज्यांचं नुकसान फार आहे आणि आधीचे प्रयत्न फसलेत, अशांना याचा फायदा झाल्याचे अभ्यास आहेत, पण ते लहान आहेत. म्हणून हा पहिल्या फेरीचा उपाय नव्हे. यातलं काहीच जमलं नाही तर दात्याचे शुक्रजंतू किंवा दत्तक हे रस्ते आहेतच, आणि ते मान खाली घालून जायचे रस्ते नाहीत.

आता माझा राग कशाचा आहे ते सांगते. इक्सी करायची म्हणजे रोजची इंजेक्शनं तिला, भूल तिला, बीज काढायची सुई तिला, बाळ टिकलं नाही तर रडायचंही तिनंच. दोष त्याच्यात आणि सुया हिला! आणि हे सगळं त्यानं तंबाखूची पुडी टाकायच्या आधी, त्याला एकदाही हात लावून न तपासता. कर्ज काढून, तिच्याच अंगावरचं सोनं मोडून. ही गोष्ट मला अजिबात पटत नाही. आधी तीन महिने त्यानं द्यावेत, मग तिच्या शरीराला हात लावावा. हो, एक अपवाद आहे. तिचं वय पस्तिशीच्या पुढे गेलेलं असेल तर थांबण्यात वेळ दवडू नये, दोघांचे उपचार बरोबरीनं चालावेत. ते डॉक्टरांशी बोलून ठरवावं.

दवाखाना निवडतानाही डोळे उघडे ठेवा. 2021 च्या कायद्यानं टेस्ट ट्यूबचं प्रत्येक केंद्र नोंदणीकृत असणं बंधनकारक आहे. दोघांची लेखी संमती लागते, आणि केंद्रात तक्रार निवारण कक्ष असावा लागतो. नोंदणीचं प्रमाणपत्र भिंतीवर दिसलं नाही तर मागा. लाजू नका. साडी घेताना आपण चार दुकानं फिरतोच ना?

पुरुषांच्या बाजूनंही एक सांगते. रिपोर्ट खराब आला की त्याला तो मर्दानगीवरचा डाग वाटतो. म्हणून तो तपासणी टाळतो, चिडतो, दारूकडे वळतो. शुक्रजंतूंचा आणि पुरुषत्वाचा काही संबंध नाही, हे त्याला कुणीतरी शांतपणे सांगायला हवं. ते चारचौघांत, सासू-नणंदेसमोर नको. दोघं असताना, भांडणाच्या सुरात नव्हे. "आपण दोघं जाऊ या" असं म्हणावं. "तुमच्यातच दोष असेल" म्हणण्यापेक्षा हे कितीतरी लवकर पटतं. साखर वाढली, चष्मा लागला, तशीच ही एक शरीराची तक्रार.

त्या बेकरीवाल्याच्या बायकोचं पुढं काय झालं, असं तुम्ही विचाराल. त्यानं तंबाखू सोडली, शिरांचं ऑपरेशन झालं, मालकाला सांगून भट्टीवरून गल्ल्यावर काम घेतलं. नंतरच्या तपासणीत आकडा बराच खाली आला. बाळ अजून नाही. पण परवा गटाच्या मीटिंगनंतर ती मला म्हणाली, "ताई, होईल तेव्हा होईल. पण आता घरात कुणी माझ्याकडे बोट दाखवत नाही. सासूबाई त्यांना सांगतात, गोळी घेतलीस का, पुडी नाही ना खाल्लीस?" मला त्या सासूबाईंचं फार कौतुक वाटलं.

म्हणून माझी विनंती सुनांपेक्षा सासवांना, आयांना, नणंदांना आहे. सुनेला घेऊन दवाखान्यात जाल तेव्हा मुलालाही बरोबर न्या. दुकान एक दिवस बंद राहिलं तर काही बिघडत नाही. पहिल्याच भेटीत दोघांचं नाव घाला, दोघांच्या तपासण्या मागा. तिचे गर्भ पुन्हा पुन्हा पडत असतील तर तिला उपास सांगायच्या आधी त्याच्या डीएनएच्या तपासणीबद्दल डॉक्टरांना विचारा. आणि येत्या हळदीकुंकवाला मूल नसलेल्या एखादीची ओटी सगळ्यांच्या आधी भरा. त्याला तर कुठल्या रिपोर्टाची गरज नाही.